गादीशी इमान

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला, आणि त्याच्या बाजूने लढणारा नॉरफोकचा ड्यूक जॉन हॉवर्डही पडला. ड्यूकचा मुलगा थॉमस विजेत्या सातव्या हेन्रीच्या हाती लागला. माझ्याविरुद्ध का लढलास, असं हेन्रीने दरडावल्यावर त्याने दिलेलं उत्तर इंग्लंडात अजून सांगतात: रिचर्डच्या डोक्यावर मुकुट होता, पार्लमेंटने तो एखाद्या लाकडी ओंडक्यावर ठेवला असता, तर मी ओंडक्यासाठीही लढलो असतो.

उत्तर खरं असो की मागाहून रचलेलं, त्यात सोय होतीच. ओंडक्याशी इमान राखणारा माणूस उद्या नव्या राजाच्याही कामी येतो. हेन्रीने हे जाणलं, पण थॉमसला तीनेक वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये डांबून मगच. १५१३ मध्ये सत्तरीतल्या याच थॉमसने फ्लॉडनला स्कॉटिश फौजेचा धुव्वा उडवला. त्यांचा राजा चौथा जेम्स तिथेच ठार झाला. दुसऱ्या वर्षी बापाबरोबर गेलेली ड्यूकची पदवी घरात परत आली.

निष्ठा माणसाशी नाही, गादीशी. पण आठव्या हेन्रीच्या लेखी गादी म्हणजे तो स्वतः! थॉमसच्या मुलाने, तिसऱ्या ड्यूकने, ते इतकं मनावर घेतलं की १५३६ मध्ये सख्ख्या भाचीला, राणी ॲन बोलीनला, न्यायासनावर बसून त्यानेच देहदंड सुनावला. पुतणी कॅथरीनही राणी झाली आणि १५४२ मध्ये तिचंही मुंडकं उडालं. मग मुलाची पाळी. हा मुलगा कवी होता. आपल्या कुलचिन्हात त्याने जुन्या एडवर्ड राजाचं चिन्ह घातलं, तोच राजद्रोह ठरला आणि जानेवारी १५४७ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बापाचंही मरण ठरलेलं होतं. २८ जानेवारीच्या पहाटे राजाच मेला, म्हणून म्हातारा वाचला. चौथा ड्यूक मात्र १५७२ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीपायी गेलाच.

माझ्या मते ओंडक्याच्या उत्तराची खरी परीक्षा रणांगणात झाली नाही, ती धर्माने घेतली. राजा प्रॉटेस्टंट, आणि हे ड्यूक बहुतेक कॅथलिक. राज्याभिषेक आणि राजाची अंत्ययात्रा यांची व्यवस्था पाहणारं अर्ल मार्शलचं पद १६७२ मध्ये घराण्याला वंशपरंपरेने मिळालं, पण शपथ आड आल्याने कॅथलिक ड्यूकला ते स्वतः चालवता येईना. प्रॉटेस्टंट मुतालिक नेमून काम भागवावं लागे. १८२४ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली. ज्याचा धर्म आपल्याला मान्य नाही, त्याच्या मस्तकावरच्या मुकुटाची चाकरी करणं हेच मग घराण्याचं काम झालं. तलवार केव्हाच सुटली होती. आता हाती होत्या मिरवणुकीच्या याद्या. १९३७ चा राज्याभिषेक पार पाडणारा सोळावा ड्यूक तिशीचाही नव्हता. १९५३ चाही त्यानेच पार पाडला. थॉमसने जीव वाचवायला जे म्हटलं असेल, ते निभावलं या बिनतलवारीच्या वारसांनी.

१९ सप्टेंबर २०२२ रोजी एलिझाबेथ राणीची अंत्ययात्रा अठराव्या ड्यूकच्या देखरेखीखाली निघाली. आठवड्याभराने गाडी चालवताना मोबाइल वापरल्याबद्दल ते लंडनच्या कोर्टात उभे होते. नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या तयारीसाठी लायसन्स हवंच, अशी त्यांची विनवणी होती. कोर्टाने ती फेटाळून सहा महिने गाडी चालवायला मनाई केली. ६ मे २०२३ चा राज्याभिषेक ठरल्या दिवशी पार पडला.