पुस्तिकेतले चित्र

संगणकाच्या आज्ञावलीबरोबर जी मार्गदर्शक पुस्तिका येते, तिच्यात चित्रे घालावीत की नाहीत? वरवर पाहता प्रश्न सोयीचा आहे. मला तो सचोटीचाही वाटतो. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत पॅकेज लिहिणाऱ्याला पुस्तिकेतल्या चित्रांसाठी ‘फिगर्स’ नावाचा वेगळा कप्पाच ठेवलेला असतो. हे चांगलेच आहे. विखुरलेल्या ठिपक्यांमधून रेघ कशी जाते, ते पानभर शब्दांनी उमगत नाही. चित्राने चटकन उमगते.

पडद्याचे छायाचित्र मात्र फसवे. नवी आवृत्ती येते, डावीकडचे बटण उजवीकडे जाते, आणि चित्र आपले जुन्याच जागी बोट दाखवीत राहते. बिचारा शिकाऊ माणूस दोष देतो तो स्वतःच्या डोळ्यांना!

आणि ज्याला दिसतच नाही त्याचे काय? तोही आज संगणकावर काम करतो. पडद्यावरचा मजकूर यंत्र त्याला वाचून दाखवते. चित्रापाशी ते अडते. १९९७ साली आलेल्या एचटीएमएल ४.० च्या नियमांनी चित्राला पर्यायी मजकूर सक्तीचा केला. पण सक्तीच ती! पुष्कळजण ‘आलेख’ एवढा एक शब्द लिहून मोकळे होतात. आम्ही मास्तर फळ्यावर आकृती काढताना तोंडानेही सांगत असतो: ही रेघ इथवर चढली, इथे वाकली, हा ठिपका एकटा पडला. पुस्तिका लिहिणाऱ्याने तेवढेच लिहायचे आहे. कधीकधी लिहायला बसले, की सांगण्यासारखे काही सापडतच नाही. मग हे चित्र घातले कशाला, असा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो.