युरियाची गोणी आणि पेट्रोलची टाकी

गाडीच्या धुराचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, 'पीयूसी काढलीय की!' पण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. ज्याने पृथ्वी तापते त्या कार्बन डायऑक्साइडला तिथे कसलीच मर्यादा नाही. त्याचा अंदाज घ्यायला यंत्रही लागत नाही, पंपावरची पावती पुरते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा जवळपास 2.7 किलो. पाऊण किलोच्या पेट्रोलातून एवढं वजन येतं, कारण 12 ग्रॅम कार्बन हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो.

म्हणून हिशेब मायलेजचा नको, वर्षभराच्या लिटरांचा हवा. जास्त मायलेजची गाडी घेऊन दुप्पट फिरलं, तर वातावरणाच्या पदरात काहीच पडत नाही.

बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यात मात्र हा हिशेब पंपावर संपत नाही. एका बाजूला माळेगाव, दुसऱ्या बाजूला सोमेश्वर. दोन्ही सहकारी साखर कारखान्यांना डिस्टिलरी आहे. आज टाकीत पडणाऱ्या ई-20 पेट्रोलचा पाचवा हिस्सा इथेनॉल असतो. उसाने वाढताना हवेतूनच कार्बन घेतलेला असल्याने, इथेनॉल जळून निघणारा वायू नव्याने भर घालत नाही, असं गणित मांडतात. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. शुद्ध पेट्रोलवर 18 किलोमीटर देणारी गाडी ई-20 वर साधारण 17 देईल. म्हणजे खनिज इंधनाचा कार्बन किलोमीटरमागे 128 ग्रॅमवरून 108 वर येतो. बचत 20 नव्हे, 15 टक्क्यांच्या आसपास.

आणि या बचतीतून शेताचा खर्च वजा व्हायचाय. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असतं. त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, असं आंतरराष्ट्रीय हिशेबात ढोबळमानाने धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. म्हणजे एका गोणीमागे जवळपास 90 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. छोट्या गाडीची भरलेली टाकी जाळल्यासारखंच. खत बनवताना जळलेला गॅस आणि पाण्याच्या मोटारीची वीज वेगळीच. हा भार साखर, मळी आणि बगॅस यांच्यात वाटला जातो हे खरं, पण इथेनॉलला त्यातला वाटा चुकत नाही.

म्हणजे ऊस पिकवणारा इथला गाडीवाला आपलं उत्सर्जन दोन ठिकाणी ठरवतो, स्टिअरिंगवर आणि सरीत. तोड झाल्यावर फडात काडी टाकायची, की पाचट सरीत दाबून खोडवा ठेवायचा? पाचट ठेवलं तर ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो, पुढे खत कमी लागतं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हेच सांगत आली आहे. पण ऐकायला फायदा रोकडा हवा. कारखान्याचं शेतकी खातं उसाची नोंद ठेवतंच, जळीत उसाला कपातही लावतं. त्याच नोंदीत खताच्या गोण्या आणि पाचटाचं काय केलं हेही लिहावं, आणि कमी खताच्या, पाचट राखलेल्या उसाला टनामागे चार पैसे जादा द्यावेत. हिरवं इंधन म्हणून इथेनॉल विकायचं, तर त्या हिरवेपणाची किंमत पिकवणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे.

रस्त्यावरचा उपाय याहून सोपा आहे. चाळीस प्रवाशांची डिझेल एसटी लिटरला चार-साडेचार किलोमीटर देते; माणशी किलोमीटरला पंधरा-सतरा ग्रॅम. एकट्याने कार काढून पुण्याला जाणारा त्याच्या सहापट तरी सोडतो. चौघे एका गाडीत बसले, तर निदान भार चौघांत वाटला जातो. टायरची हवा, बेताचा वेग यांनीही फरक पडतो, पण तो नंतरचा. आधी फेरी टाळावी, मग ती वाटून घ्यावी, गाडीचं मॉडेल त्यानंतर बघावं. इथेनॉलमुळे मिळालेली सवलत जादा फेऱ्यांत उडवली, तर उसाने कमावलेलं गाडीने घालवलं असंच होईल.