गेज बदलताना

कादंबरीवर चित्रपट व्हावा म्हणून लेखक निर्मात्यांचे उंबरे झिजवतो आणि होकार आला की सहीपाशी अडतो. सही केली तर गोष्ट परक्या हाती जाते. न केली तर वाचणाऱ्यांपुरतीच उरते. हा पेच सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनच्या बाकावर मांडून पाहता येतो. एका बाजूला कादंबरीकार गुरुजी, दुसऱ्या बाजूला मालधक्क्यावरून निवृत्त झालेले अण्णा.

होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा फाटा पूर्वी मीटरगेज होता, तर सोलापूर–वाडी मार्ग ब्रॉडगेज. एकीकडे रुळांत एक मीटर अंतर, दुसरीकडे पाच फूट सहा इंच. त्यामुळे वाघीण पुढे जाऊ शकत नसे. माल उतरवून दुसरीत भरावा लागे.

अण्णांचा युक्तिवाद इथूनच निघतो. “गुरुजी, पोती त्याच वाघिणीतनं जावीत म्हणून कुणी हटून बसला असता, तर माल इथंच कुजला असता की.” भाषा ही वाघीण, गोष्ट हा माल. सोलापुरात वाढलेल्या जब्बार पटेलांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून १९७९ साली एकच चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन वाघिणींचा माल एकीत बसवायचा, तर काही पोती धक्क्यावर राहणारच.

गुरुजींना ही उपमाच मान्य नाही. कादंबरीत भाषा ही वाघीण नसते, मालच असते. “माझ्या निम्म्या पानांत काही घडतच नाही, अण्णा. बाई चुलीपुढं कडक भाकरी मोडत बसते आणि मनातल्या मनात कन्नडात बोलते. हे कुठल्या पोत्यात भरायचं?”

“नका भरू. वाघीण उतरवली की रिकामी होते. पुस्तक रिकामं होतंय होय?”

इथे उपमा संपते आणि खरा प्रश्न उरतो. पुस्तक शाबूत राहते. मात्र लेखकाचे नाव पडद्यावरही जाते, आणि पाहणारा समजतो की पुस्तकात हेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ नेमके इथे लागू होते. हक्क विकल्यानंतरही, प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विकृतीला लेखक हरकत घेऊ शकतो. केवळ नापसंती पुरत नाही. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाबाबत मन्नू भंडारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ च्या निकालात या कलमाची चर्चा झाली.

दुसरी भीती उलटी असते: सही होते, चित्रपट होत नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार करारात वेगळे ठरले नसेल, तर एक वर्ष न वापरलेला हक्क लेखकाकडे परत येतो. हक्काची मुदतच लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरतात. १९५५ च्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीवर अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ मध्ये आला. गोष्ट चाळीस वर्षे थांबू शकते. करार मात्र तितका काळ अडकवून ठेवू नये.

“म्हणजे बिल्टी नीट लिहा,” अण्णा म्हणतात. “कुणाचा माल, कुठवर, किती दिवसांत.”

“आणि शेवट बदलला, तर माझं नाव काढायचं.”

“तेही लिहा. सही त्याखाली.”

मुळाशी इमान राखा, हे करारात लिहून मिळत नाही; नाव, मुदत आणि न हलवायची एखादी गोष्ट मात्र लिहून घेता येते. चुलीपुढची बाई पुस्तकातच राहते.