खानदेशातला शहामृग

खानदेशात एके काळी शहामृग होते, असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे हाती आले. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. ना सांगाडा, ना पीस. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं कवच, त्यातल्या काहींचे घासून, भोक पाडून केलेले मणी, आणि एक कोरलेला तुकडा.

हा कोरीव तुकडा विलक्षण आहे. समांतर रेघांच्या मधल्या पट्ट्यांत तिरप्या रेघा एकमेकींना छेदत जातात आणि जाळी तयार होते. गुळगुळीत, वक्र, कठीण पृष्ठभागावर दगडी अणकुचीने अशी रेघ ओढायची, तर हात फार स्थिर लागतो.

असे 'कोरीव' तुकडे मग देशात इतरत्रही दाखवले जाऊ लागले. शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ते बारकाईने तपासले. जवळजवळ सगळ्यांवरच्या रेघा माणसाच्या नव्हत्याच. मातीत पडलेलं कवच झिजवून बारीक मुळांनी त्या उमटवल्या होत्या. पाटण्याचा तुकडा मात्र या परीक्षेतून पार पडला. मला हा नकार शोधाइतकाच मोलाचा वाटतो. प्राचीनतेचा दावा नाकारणारा माणूस आपल्याला चटकन परका वाटू लागतो, आणि पुराव्यापेक्षा अभिमान मोठा होतो. बाकीचे तुकडे बाजूला सारले गेले, म्हणूनच या एका तुकड्याकडे आज निःशंक बोट दाखवता येतं.

पक्ष्याच्या ओळखीलाही असाच भक्कम आधार मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचातून डीएनए मिळवला, आणि २०१७ साली त्याचं आफ्रिकेतल्या शहामृगाशी जवळचं नातं असल्याचं जाहीर केलं. मात्र कवचावरून अंडी माणसाच्या हाती आली होती एवढंच ठरतं. शिकारीच्या कहाण्या त्यावर रचू नयेत.

अशा तुकड्याचं निम्मं मोल तो कुठल्या थरात होता यात असतं. म्हणून गिरणेच्या खोऱ्यात, नाल्याच्या कापलेल्या काठात असं जाड, किंचित वक्र कवच दिसलं, तर कृपा करून ते खिशात घालू नका. जागच्या जागी त्याचा फोटो काढा, ठिकाण नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.