हे शरीर कोणाचे?

मगरिबची अजान होते. दस्तरख्वानावर खजूर, भजी, समोसे आणि थंडगार सरबत मांडलेले असते. घरातील वृद्ध आई थरथरत्या हाताने खजूर उचलते. तिला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. रोज इन्सुलिन घ्यावे लागते. डॉक्टरांनी मनाई केली असूनही तिने रोजा ठेवला आहे, आणि घरातील सर्व जण तिच्या हिमतीचे कौतुक करीत आहेत. पुढे ईद येते. तीच आई ‘वर्षातून एकदाच तर’ म्हणत शीरखुर्म्याची दुसरी वाटी घेते. वाढणारेही आग्रहानेच वाढतात.

वाचकहो, अशी आई आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. पहिल्या प्रसंगाला आपण भक्ती म्हणतो, दुसऱ्याला हौस. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत नाही काय? शरीर माझे आहे, त्याचे काय करायचे ते मी ठरवीन, ही ती समजूत होय.

इस्लामच्या दृष्टीने शरीर ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. आपण तिचे मालक नसून विश्वस्त आहोत. विश्वस्ताला ठेव उधळण्याचा अधिकार नसतो. तशीच, मालकाने मागितली नसताना ती नष्ट करण्याचाही नसतो. दिव्य कुरआनमध्ये (७:३१) खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई एकाच आयतीत आली आहे. रोजांचा आदेश जेथे आला, तेथेच (२:१८४-१८५) आजारी माणसासाठी सवलतही आली आहे. ज्याने आदेश दिला, त्यानेच सवलत दिली. मग एक स्वीकारून दुसरी नाकारणे ही आज्ञाधारकता कशी ठरेल?

रमजानचा रोजा सुटला की मन हळहळते, हे खरे. ती हळहळ श्रद्धेचीच खूण आहे. पण हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. ते सतत नफल रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. हजरत सलमान (रजि.) यांनी त्यांना समजावले की पालनकर्त्याप्रमाणेच स्वतःच्या जिवाचा आणि कुटुंबाचाही आपल्यावर हक्क आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. रोजे नफल होते, तरी तत्त्व व्यापक आहे.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाला रोजा वर्ज्य असतो, असे मात्र नाही. रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषधांच्या वेळा ठरवाव्यात. रोजात रक्तातील साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा तत्काळ सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिमांचे मत आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णासाठी फिदयाचा मार्ग आहे. त्याविषयी जाणकार आलिमांना विचारावे.

उरलेल्या अकरा महिन्यांतील संयम हीसुद्धा एक इबादतच आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबिरीने भरावा, पाव भाग डाळ, मासे किंवा कमी तेलातील मांसाने, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, चपाती वा भात घ्यावा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. कारण तिचीही शेवटी साखरच होते. खजूर सुन्नत आहे, म्हणून तो कितीही खावा असे नाही.

आणि घरच्यांनो, ही जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. आईसमोर मिठाईचे ताट ठेवून तिच्याकडून संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. घरात दोन स्वयंपाक नकोत. तिला जे हितकारक आहे, ते आपल्यालाही हितकारकच आहे. पाहुण्याने दुसरी वाटी नाकारली, तर आग्रह करू नका. पुढच्या रमजानमध्ये आईला रोजा ठेवता आला नाही, तर तिच्या शेजारी बसून सांगा, ‘अम्मी, तुम्ही अल्लाहचीच आज्ञा पाळत आहात.’