परकें द्रव्य आणि लोकसंस्था

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण दिसण्यांत उपदेशाची असली, तरी उपदेश म्हणून ती कोणी उच्चारीत नाहीं. टाळी वाजविणारास टोचण्याकरितांच आपण ती वापरतों. पण एखाद्या राष्ट्राच्या कायदेमंडळानें हीच म्हण गंभीरपणें हातीं घेऊन तिचें कलम केलें, तर काय होतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें जॉर्जियाकडे पाहावें. काळा समुद्र व कॉकेशस पर्वत यांच्यामधील या लहानशा देशास ता. १४ डिसेंबर २०२३ रोजीं युरोपीय संघानें सभासदत्वाचा उमेदवार म्हणून मान्यता दिली. सहा महिने लोटतात न लोटतात तोंच, ता. २८ मे २०२४ रोजीं, तेथील कायदेमंडळानें राष्ट्राध्यक्षा सालोमे झुराबिशविली यांचा नकाराधिकार डावलून एक कायदा कायम केला. ज्या संस्थेच्या वार्षिक उत्पन्नापैकीं शेंकडा २० हून अधिक भाग परदेशांतून येतो, तिनें ‘परकीय सत्तेचें हित साधणारी संस्था’ म्हणून सरकारदरबारीं आपली नोंद करावी, न केल्यास जबर दंड सोसावा, असा त्याचा आशय होता.

या कायद्यांतील लबाडी उघडी पाडण्यास फारशी बुद्धि खर्चावी लागत नाहीं. युरोपीय संघाशीं पूर्ण एकीकरण घडवून आणण्याकरितां सर्व उपाय योजावे, असा भार जॉर्जियाच्या राज्यघटनेच्या ७८ व्या कलमानेंच घटनात्मक संस्थांवर टाकलेला आहे. शिवाय संघाचें द्रव्य सरकारहि वर्षानुवर्षें घेत आलें होतें. सरकारनें घेतलें तर तें साहाय्य, आणि चार वकिलांच्या मंडळानें घेतलें तर ती फितुरी, हा कोणता न्याय? (आपल्याकडेहि परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ पासून आहे, २०१० सालीं तो नव्यानें झाला आणि २०२० च्या दुरुस्तीनें पुष्कळच आवळला गेला. तेव्हां दुसऱ्यांस नांवें ठेवतांना आवाज थोडा खालीं असलेला बरा.) परंतु लबाडानें विचारला म्हणून प्रश्न लबाड ठरत नाहीं. जी संस्था देशबांधवांच्या वतीनें बोलतें म्हणते, पण जिचें भाडें, दिवाबत्ती व पगार परदेशाहून चालतात, ती नक्की कोणाच्या वतीनें बोलते? युरोपचे स्नेही लेखक हा प्रश्न झटकून टाकतात, आणि तेंच आम्हांस खटकतें.

मुळांत अशा संस्था हव्यातच कशाला, हें आधीं पाहूं. १९९३ सालीं कोपनहेगन येथें संघानें नव्या सभासदांकरितां अटी ठरविल्या. बाजारपेठेची अट आंकड्यांनीं तरी पडताळतां येते. पण लोकशाही, कायद्याचें राज्य, मानवी हक्क व अल्पसंख्यांचें संरक्षण यांची हमी देणाऱ्या स्थिर संस्था देशांत आहेत कीं नाहींत, हें कशानें मोजावयाचें? कायदा छापून दाखविणें सोपें आहे. न्यायाधीशास रात्रीं दूरध्वनि येतो कीं नाहीं, हें राजपत्रांत छापून येत नाहीं. तें सांगण्यास त्या गांवचाच साक्षीदार लागतो. ब्रुसेल्सचे अधिकारी दरवर्षीं उमेदवार राष्ट्रांवर अहवाल लिहितात, तेव्हां ते सरकारबरोबर या साक्षीदारांचेंहि म्हणणें ऐकतात. साक्षीदार नसेल, तर सरकारनें स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यावी आणि गुणपत्रकहि स्वतःच लिहावें, असा प्रकार होईल.

स्लोव्हाकियाचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. १९९७ च्या डिसेंबरांत लक्झेम्बर्ग येथें संघानें वाटाघाटींस पात्र देशांची पहिली यादी केली, तींतून मेचियार यांच्या कारभारामुळें तो देश वगळला गेला. पुढच्याच वर्षीं तेथील लोकसंस्थांनीं मतदारांस जागें करण्याची मोठी मोहीम काढली. शेंकडा ८४ च्या आसपास मतदान झालें, मेचियार यांचें सरकार गेलें, आणि ता. १ मे २००४ रोजीं स्लोव्हाकिया संघाचा सभासद झाला. त्या मोहिमेस परदेशी निधींचा मोठाच हात होता, ही गोष्ट झांकण्यांत अर्थ नाहीं. पण रांगेंत उभा राहिलेला मतदार त्या निधीनें विकत घेतलेला नव्हता.

न्यायालयांत साक्षीदारास भत्ता मिळतो, म्हणून त्याची साक्ष विकत घेतली असें कोणी मानीत नाहीं. अडचण येते ती भत्ता हीच उपजीविका झाली म्हणजे. येथें आमचाच एक अनुभव नमूद करतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही होतों. एका धनिकानें इमारतीस मोठी देणगी दिली. पुढें त्याच्याच एका कारखान्याचें सांडपाणी ओढ्यांत सोडल्याची तक्रार गांवांत निघाली, आणि त्या विषयावर ठरलेलें व्याख्यान आम्ही ‘सोयीच्या वेळीं’ ठेवावयाचें ठरविलें. ती सोयीची वेळ कधींच आली नाहीं. त्या गृहस्थानें एक शब्दहि काढला नव्हता! त्याला काढावाच लागला नाहीं. पैसा खोटें बोलावयास लावतो असें नव्हे. काय बोलावयाचें राहून गेलें तरी चालेल, हें तो ठरवितो.

परक्या द्रव्याचा विकारहि याच जातीचा आहे. देणगीदाराच्या इच्छेप्रमाणें अर्ज लिहावयाचा, त्याच्या भाषेंत, त्यानें नेमून दिलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुदतींत, त्याला मोजतां येईल असें फळ दाखवावयाचें. असें होतां होतां संस्थेचा कान शेजाऱ्याकडून फिरून दूरच्या कचेरीकडे लागतो. शेजाऱ्याशीं तिनें वैर केलेलें नसतें. त्याला हिशेब देण्याचा प्रसंगच तिच्यावर येत नाहीं.

१८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा निघाली, तेव्हां सभासद होऊं इच्छिणारानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें असा नियम होता. पैसा कोठून आला हें मागाहून. आधीं कोणाच्या सहीनें बोलतां तें दाखवा! जॉर्जियांतील किंवा बाल्कन देशांतील किती संस्था आज असा कागद पुढें करूं शकतील? फार नसाव्यात. मात्र त्यांचा सारा दोष त्यांच्याच माथीं मारणें अन्यायाचें होईल. साम्यवादी अमदानींत मंडळांचें सभासदत्व वरून लादलें जाई. तें भोगलेल्या समाजास वर्गणीची पावती म्हणतांच अंगावर कांटा आल्यास नवल नाहीं. हंगेरीनें १९९६ सालीं यावर एक चांगली तोड काढली. प्राप्तिकर भरणारानें आपल्या कराचा शेंकडा १ भाग आपल्या पसंतीच्या संस्थेस नेमून द्यावा, अशी सोय केली. स्लोव्हाकिया, पोलंड वगैरेंनीं ती उचलली. दात्याचें नांव व मर्जी दोन्ही देशांतलीं. पण त्याच हंगेरीनें २०१७ सालीं परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांवर छाप मारणारा कायदा केला आणि संघाच्या न्यायालयानें २०२० सालीं तो बेकायदा ठरविला, हेंहि विसरूं नये.

परक्या दात्यावर विसंबण्याचें फळ २०२५ सालीं सर्वांस दिसलें. जानेवारींत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं परदेशांची मदत गोठविली, आणि १ जुलैला मदत देणारें खातेंच मिटलें. जॉर्जियापासून सर्बियापर्यंत अनेक संस्थांचे दिवे मालवले. उलट ज्या सर्बियांत २०२४ च्या नोव्हेंबरांत नोव्ही साद येथील स्थानकाचें छत कोसळून १६ माणसें मेलीं, तेथील विद्यार्थी कोणत्याहि देणगीची वाट न पाहतां रस्त्यावर आले. जुलै २०२५ मध्यें कीव्ह येथें भ्रष्टाचारविरोधी खात्यांचें स्वातंत्र्य कायद्यानें हिरावलें गेलें, तेव्हां पुठ्ठ्याच्या फलकांनिशीं जमलेल्या तरुणांनीं सरकारास थोड्याच दिवसांत माघार घ्यावयास लाविलें. तेव्हां पैशावांचूनहि भागतें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. गर्दी सरकारला थांबवूं शकते. पण निविदांचे कागद वर्षभर चाळीत बसणें गर्दीच्यानें होत नाहीं. तें काम करणारास घरभाडें असतेंच, आणि तें शेजाऱ्यांकडून येईपर्यंत परक्याकडून घेण्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. मात्र घेणारानें हिशेब आपल्या गांवच्या भाषेंत, गांवच्या चावडीवर वाचून दाखवावा.

जॉर्जियांत तर आतां तेवढीहि मुभा उरली नाहीं. २०२५ च्या एप्रिलांत झालेल्या दुरुस्तीनें परदेशी अनुदान घेण्यास सरकारची संमति आवश्यक केली. त्याआधींच, ता. २८ नोव्हेंबर २०२४ रोजीं, पंतप्रधान कोबाखिद्झे यांनीं संघाशीं सभासदत्वाची बोलणीं २०२८ च्या अखेरपर्यंत विषयपत्रिकेवर घेणार नाहीं असें जाहीर केलें. त्या रात्रींपासून त्बिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर लोक जमूं लागले. नोंदणी करणार नाहीं, ‘परकीय सत्तेचें हित साधणारी’ ही पाटी आपल्या दारावर आपल्या हातानें लावणार नाहीं, असें पुष्कळ संस्थांनीं आधींच सांगितलें होतें. न नोंदविल्याचा दंड २५ हजार लारी होता. आम्हीं ज्या वाचनालयाची गोष्ट सांगितली, त्याच्या मंडळावर दंडाची टांगती तलवार नव्हती, तरी आम्ही गप्प राहिलों होतों.