रविवारपुरतं संगीत

कलावंताला मोकळीक हवी, पोटापाण्याच्या कामात प्रतिभा खुरटते, असं आपण गृहीत धरतो. संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं आयुष्य वाचताना ही समजूत डळमळते. या माणसानं जन्मभर नोकरी केली. वाइमारच्या ड्यूककडे सोडून जाण्याचा हट्ट धरला म्हणून १७१७ मध्ये त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत बसावं लागलं. पुढे तो केटनच्या राजपुत्राकडे गेला आणि १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, लाइपझिगच्या नगरपरिषदेच्या चाकरीत राहिला. तिथेही त्याला पहिली पसंती नव्हती. टेलेमान आणि ग्राउपनर या संगीतकारांपैकी पहिला आला नाही, दुसऱ्याला त्याच्या धन्यानं सोडलं नाही, तेव्हा बाखची वर्णी लागली.

काम होतं थॉमस शाळेतल्या मुलांना गाणं शिकवण्याचं आणि शहरातल्या प्रमुख चर्चमधलं संगीत सांभाळण्याचं. रविवारी आणि सणावारी उपासनेत एक कँटाटा सादर व्हायची. बायबलच्या त्या दिवशीच्या वाचनाला धरून रचलेलं, गायकवृंद आणि वाद्यमेळ असलेलं हे साधारण वीस-पंचवीस मिनिटांचं संगीत. पहिली काही वर्षं बाख जवळजवळ दर आठवड्याला नवी कँटाटा लिहीत होता. आधी रचना करायची, मग घरच्यांना आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून प्रत्येक गायक-वादकासाठी वेगळ्या प्रती उतरवायच्या, जमेल तशी तालीम घ्यायची आणि रविवारी सकाळी उभं राहायचं. ते संपलं की पुढच्या रविवारची तयारी.

दर आठवड्याला नवं लिहाच, असं बंधन त्याच्यावर नव्हतं. दुसऱ्यांच्या रचना सादर करण्याची तेव्हा सर्रास रीत होती आणि १७२६ मध्ये त्यानं स्वतःच आपल्या एका भाऊबंदाच्या कँटाटा गाऊन घेतल्या. पाट्या टाकल्या असत्या तरी पगार मिळालाच असता. पण जून १७२४ मध्ये त्यानं काय केलं ते पाहा. लोकांना पाठ असलेल्या प्रार्थनागीतांवर वर्षभर कँटाटा रचण्याचा संकल्प त्यानं सोडला. पहिल्या कँटाटाच्या आरंभी मूळ गीताची चाल वरच्या, सोप्रानो आवाजाला दिली, दुसरीत आल्टोला, तिसरीत टेनरला आणि चौथीत सगळ्यात खालच्या बास आवाजाला. या चार रचना ११ ते २५ जून या दोन आठवड्यांत झाल्या. समोर बसलेल्यांपैकी ही उतरंड कोणाच्या लक्षात आली असेल? पंधरवड्यापूर्वी एकदाच ऐकलेली रचना मनात धरून तिच्याशी आजची ताडून पाहणारा श्रोता विरळाच. नोकरीनं मागितलं नव्हतं आणि श्रोत्याला दिसणार नव्हतं, ते बाखनं केलं. मागितल्याहून जे जास्तीचं दिलं जातं, तिथेच मला त्याची कला सापडते. हे जास्तीचं सुचायला ती साप्ताहिक सक्तीही उपयोगी पडली असली पाहिजे. रविवार टळत नाही, म्हणून हात थांबत नाही, आणि न थांबणारा हात स्वतःच स्वतःला अवघड गणितं घालू लागतो.

हे त्यानं देवासाठी केलं, असं उत्तर पुष्कळ जण देतात. रचनेच्या शेवटी तो देवाचा महिमा गाणारी अक्षरं लिहीत असे हे खरं. त्याची श्रद्धा अस्सल होती, यात मला शंका नाही. पण एवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. १७३३ मध्ये सॅक्सनीच्या राजघराण्यातल्या वाढदिवसांसाठी रचलेलं संगीत त्यानं पुढच्याच वर्षी शब्द बदलून ख्रिसमसच्या ओरातोरिओत घेतलं. राणीच्या वाढदिवसाचे नगारे येशूच्या जन्मालाही शोभले, कारण ते पहिल्या वेळी राणीपुरते वाजवलेलेच नव्हते. मालक कोण, प्रसंग कोणता, यानं त्याच्या कामाचा कस बदलत नव्हता.

म्हणून नोकरीचे गोडवे गावेत, असं मात्र मला मुळीच वाटत नाही. १७३० मध्ये बाखनं परिषदेला निवेदन दिलं. त्यात शाळेतल्या मुलांचा हिशेब आहे: सतरा उपयोगाची, वीस अजून तयार न झालेली, सतरा निरुपयोगी. एवढ्या बळावर एका रविवारी अनेक चर्च सांभाळायची होती. त्याच वर्षी एर्डमान या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की गाव महाग आहे आणि वरिष्ठांना संगीताची फारशी आस्था नाही. प्रेतयात्रांच्या संगीतातून त्याला वरकमाई होई. आदल्या वर्षी हवा चांगली असल्यानं माणसं कमी मेली आणि त्याचे शंभराहून अधिक थालर बुडाले! हे वाक्य लोक गंमत म्हणून सांगतात. मला मात्र त्यात घरात वाढती मुलं असलेला, पैशापैशाचा हिशेब करणारा बाप दिसतो. जास्तीचं देण्यालाही तळ असतो. या सुमारास चर्चसाठी नवं लिहिणं पुष्कळच आटलं होतं आणि त्सिमरमानच्या कॉफीघरात वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संगीतमंडळात तो रमू लागला होता. परिषदेनं त्याला वेळीच चार चांगले गायक दिले असते, तर आज आपल्याकडे काय असतं, या विचारानं मला अजूनही हळहळ वाटते.

तरी त्याचा हात पुरता आखडला नाही. मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरची पॅशन ही रचना त्यानं १७३६ च्या सुमारास पुन्हा सुवाच्य लिहून काढली आणि बायबलचे शब्द लाल शाईनं लिहिले. पुढे त्या वहीची पानं खराब झाली तेव्हा पट्ट्या चिकटवून गेलेला मजकूर पुन्हा भरला. ती छापली जायची नव्हती.

जून १७४९ मध्ये, बाख जिवंत असतानाच, परिषदेनं त्याच्या जागी यायच्या माणसाची चाचणी घेऊन ठेवली. जुलै १७५० मध्ये तो गेला. त्याच्या रचनांचे कागद वाटले गेले. थोरल्या मुलाकडे गेलेल्यांपैकी बरेच पुढे विखुरले, काही नाहीसे झाले. प्रार्थनागीतांवरच्या त्या कँटाटांच्या सुट्या प्रती मात्र त्याची पत्नी आना माग्डालेना हिनं थॉमस शाळेच्या हवाली केल्या, आणि त्या बदल्यात तिला सहा महिने नोकरीच्या घरात राहता आलं. संगीतकार मेंडेल्सझोननं १८२९ मध्ये बर्लिनला पॅशन सादर केली आणि जग जागं झालं, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या जून महिन्यातल्या कँटाटांसारख्या कितीतरी रचना आज तपासून गाता येतात, त्यात या सौद्याचा मोठा वाटा आहे. एका विधवेनं अर्ध्या वर्षाच्या निवाऱ्यासाठी दिलेल्या त्या प्रती रविवारच्या घाईत, घरच्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांनी उतरवलेल्या होत्या.